शीळ (भावगीत)

शीळ हे कवी ना. घ. देशपांडे यांच्या त्याच नावाच्या कवितेचे गायक व संगीतकार जी. एन. जोशी यांनी केलेले स्वररूप आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी हिज मास्टर्स व्हॉइस (एच.एम.व्ही.) कंपनीने त्याची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. मराठी भावगीत गायनाचा आरंभ सामान्यतः या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो. कवी बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ही कविता ग्रंथरूपात येण्यापूर्वी सुमारे दोन दशके ती महाराष्ट्रभर कानांनी ऐकली जात होती. गाण्याची कीर्ती आणि कवीची कीर्ती यांतील हे अंतर ‘शीळ’च्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे.

कविता

‘शीळ’ ही प्रेमकविता एका ग्रामीण तरुणीच्या तोंडी आहे. रानातून तिच्या प्रियकराची शीळ ऐकू येते आणि तिचे मन ठिकाणावर राहत नाही. तिचे बोलणे काही ठिकाणी सखीला, तर काही ठिकाणी थेट प्रियकराला उद्देशून आहे. प्रियकराला ती ‘राया’ म्हणते. वेळकाळाचे भान नसल्याबद्दल लटकी तक्रार करते आणि त्याच श्वासात त्याचा मोठेपणाही सांगते. पुढे कृष्णाची आठवण येते आणि प्रियकराच्या रानभटकंतीला गोकुळाची छटा लाभते. घटना म्हणावी असे कवितेत काहीच घडत नाही. एक ध्वनी रानात पसरतो व विरतो, एवढाच तिचा विषय आहे.

मराठीत ‘शीळ’ म्हणजे तोंडाने घातलेली शिट्टी, आणि ‘कुळशीळ’ या जोडशब्दात तोच उच्चार ‘शील’ म्हणजे वर्तन किंवा चारित्र्य या अर्थाने येतो. कवितेत हे दोन्ही शब्द यमकात येतात. त्यामुळे रानातली उनाड शीळ आणि घराण्याची प्रतिष्ठा सांगणारे शीळ एकमेकांवर आदळतात. ही कोटी इतकी सहज आहे की गाणे ऐकताना ती बहुधा लक्षात येत नाही. छापील कविता वाचताना मात्र ती डोळ्यांत भरते.

कवितेची भाषा बोलीच्या जवळची आहे. १९२५ ते १९३५ या काळात मराठीत ‘जानपद गीत’ या नावाने ग्रामीण विषयांवरील गेय कवितांची लाट आली होती. त्यातील अनेक रचनांत शहरी कवीने हौसेने घेतलेला ग्रामीण वेश दिसतो. देशपांडे यांच्याकडे तो फारसा जाणवत नाही. छोट्या ओळी, ‘ग’ आणि ‘रे’ ही संबोधने, ओव्या व स्त्रीगीतांत असते तशी पुनरावृत्ती आणि ‘ळ’ या वर्णाचा वारंवार येणारा नाद यांमुळे कविता वाचतानाच चालीकडे झुकते.

कवी

नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील शेंदुर्जन येथे झाला. वऱ्हाडाचा हा भाग त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रशासकीय विभागात मोडत असे. कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मेहकर येथे वकिली केली आणि आयुष्याचा मोठा काळ पैनगंगेकाठच्या या तालुक्याच्या गावीच घालवला. पुणे व मुंबई ही मराठी प्रकाशनव्यवसायाची, नियतकालिकांची आणि साहित्यिक वादांची केंद्रे होती. ना. घ. या दोन्हींपासून दूर राहिले. रविकिरण मंडळाच्या भरभराटीच्या काळात ते लिहू लागले, तरी त्या मंडळाच्या वळणाचे ते नव्हते.

‘शीळ’ (१९५४), ‘अभिसार’ (१९६३), ‘खूणगाठी’ (१९८५), तसेच ‘गुंफण’ आणि ‘कंचनीचा महाल’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत. यांपैकी शेवटच्या संग्रहाचे नाव मेहकरमधील कंचनीचा महाल या जुन्या वास्तूवरून आले आहे. ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १० मे २००० रोजी त्यांचे निधन झाले.

गायक व ध्वनिमुद्रण

गोविंद नारायण जोशी (१९०९–१९९४) हे कवीचे समवयस्क. त्यांचेही शिक्षण कायद्याचे होते; मात्र त्यांचा ओढा गाण्याकडे होता. ‘शीळ’ची चाल त्यांचीच आणि आवाजही त्यांचाच. त्या काळी नाट्यसंगीताची पदे बहुधा नाटक कंपनीच्या संगीतदिग्दर्शकाने बसवलेली किंवा प्रचलित चालींवर बेतलेली असत आणि नटाने रंगभूमीवर लोकप्रिय केल्यानंतर ती ध्वनिमुद्रित होत. ‘शीळ’च्या मागे नाटक नव्हते, चित्रपट नव्हता, नटाचे नावही नव्हते. एका कवीची स्वतंत्र कविता गायकाने स्वतःच्या आवडीने निवडली आणि स्वतः चाल लावून गायिली. आज ज्याला स्वतंत्र संगीत म्हटले जाते त्याच्याशी या पद्धतीचे साम्य आहे, जरी प्रकाशक ही त्या काळातील सर्वांत बलाढ्य ध्वनिमुद्रण कंपनी होती.

या गायनशैलीच्या यशामागे एक तांत्रिक कारणही आहे आणि मराठी लेखनात त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. आरंभीच्या यांत्रिक ध्वनिमुद्रणात गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. आवाजाच्या जोरानेच सुई हलून मेणावर रेघ उमटत असल्यामुळे खड्या, फेकीच्या आवाजाला पर्याय नव्हता. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची सवय असलेल्या गायकनटांना ही पद्धत मानवली. १९२५ नंतर जगभर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले आणि मायक्रोफोनमुळे हलका स्वर, श्वास, कुजबुजीच्या जवळ जाणारा उच्चारही तबकडीवर उतरू लागला. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी यांच्यासारख्या गायकांची जवळून बोलल्यासारखी गायकी याच बदलातून पुढे आली. मराठीत भावगीत जन्माला आले तेही याच सुमारास. रानात विरत जाणाऱ्या शिळेचे गाणे कर्ण्याच्या काळात कसे वाटले असते, याची कल्पना केली तरी हा फरक ध्यानात येतो.

दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. शास्त्रीय गायकांना ही मर्यादा जाचक वाटे. ख्यालाचा विस्तार, आलापी, पुनःपुन्हा समेवर येणे यांना तिथे वाव नव्हता. तीन-चार कडव्यांच्या कवितेला मात्र ती नेमकी पुरत असे. धृवपद, कडवे, पुन्हा धृवपद अशी बांधणी, शब्द स्पष्ट कळतील एवढाच स्वरविस्तार आणि चालीचा हेतू कवितेची भाववृत्ती सांभाळणे हा, असे पुढील भावगीताचे जे साचे ठरले त्यांच्यामागे तबकडीच्या लांबीचाही हात आहे.

स्त्रीचे मनोगत पुरुषाच्या आवाजात, ही गोष्ट त्या काळच्या श्रोत्यांना खटकली नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला तिचे अप्रूप नव्हते. तरी एक भेद आहे. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्री होऊन गात. जोशी कोणत्याही भूमिकेविना, आपल्या साध्या पुरुषी आवाजात तरुणीचे शब्द म्हणतात. श्रोता गायकाला विसरून शब्दांतल्या व्यक्तीकडे जातो तो इथे. भावगीताने पुढे हा संकेत कायमचा स्वीकारला.

स्वागत

ध्वनिमुद्रिका अत्यंत लोकप्रिय झाली आणि जोशी यांचे नाव ‘शीळ’शी कायमचे जोडले गेले. त्या वेळचा काळ अशा गाण्याला अनुकूल होता. संगीत नाटकाला ओहोटी लागली होती. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांनी प्रेक्षक ओढून घेण्यास आरंभ केला होता. पण बोलपट पाहण्यासाठी शहरात जावे लागे आणि नाटक कंपनीची वाट पाहावी लागे. चावीचा ग्रामोफोन विजेशिवाय चाले. सधन घराच्या ओटीवर, हॉटेलात, जत्रेतल्या पालात, जिथे तो असेल तिथे गाणे पोहोचे. मुंबईत नभोवाणी १९२७ पासून सुरू होती, तरी विदर्भातील आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये उघडले. तोवर वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत नव्या गाण्याचे मुख्य वाहन तबकडीच होते.

लोकप्रियतेबरोबर गाणे आपल्या पहिल्या ओळीने ओळखले जाऊ लागले आणि ‘शीळ’ हे मूळ शीर्षक मागे पडले. कवीच्या नावाचेही काहीसे तसेच झाले. त्या काळातील तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे. कवीचे नाव अनेकदा बारीक अक्षरात असे किंवा नसेच. नाट्यपदाच्या बाबतीत त्याने बिघडत नसे, कारण नाटककार सर्वांना ठाऊक असे. स्वतंत्र कवितेला असा आधार नव्हता. गाणे तोंडपाठ असलेल्या पुष्कळांना ते मेहकरच्या एका वकिलाचे आहे हे माहीत नसण्याची शक्यता मोठी होती. भावगीतांच्या संदर्भात कवी, संगीतकार व गायक या तिघांची नावे एकत्र सांगण्याची जी शिस्त पुढे आकाशवाणीच्या निवेदनांतून मराठी श्रोत्यांच्या अंगवळणी पडली, ती या वेळी अजून यायची होती.

‘पहिले भावगीत’

‘शीळ’ला मराठीतील पहिले भावगीत म्हणण्याचा प्रघात आहे. हे विधान शब्दशः घेता येत नाही. कविता गाऊन दाखवण्याची परंपरा त्यापूर्वीची आहे. भा. रा. तांबे यांच्या अनेक कवितांच्या माथ्यावर राग किंवा चालीचा निर्देश असे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील यशवंत, गिरीश, माधव जूलियन यांनी जाहीर काव्यगायनाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. केशवराव भोळे व जे. एल. रानडे हेही कविता व गीते गाणाऱ्या आरंभीच्या पिढीतले गायक होत.

शिवाय ‘भावगीत’ हा शब्द मुळात संगीताचा नव्हे. आत्मपर, एका भाववृत्तीभोवती फिरणाऱ्या छोट्या कवितेसाठी साहित्यसमीक्षेने तो वापरला. केशवसुतांनंतरच्या बऱ्याच कवितेला तो लागू पडतो. ‘शीळ’ आणि तिच्यामागून आलेल्या तबकड्यांमुळे शब्दाचा अर्थ सरकला. आज सामान्य मराठी माणसाला भावगीत म्हणजे गाणे एवढेच ठाऊक असते. त्यामुळे ‘शीळ’विषयी अधिक नेमके विधान असे करता येईल: ध्वनिमुद्रिकेच्या माध्यमातून सर्वदूर यशस्वी झालेले आणि ज्याच्या नमुन्यावर पुढची गाणी घडली असे हे पहिले मराठी भावगीत. काव्यगायनात कविता आधी आणि चाल तिची सेवक असे. ‘शीळ’मध्ये चाल ही स्वतंत्र निर्मिती ठरते, एकदा ऐकल्यावर ती कविता दुसऱ्या चालीत वाचणे कठीण होते.

पुढे गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी काव्यगायनाचे कार्यक्रम गावोगावी नेले. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’ने गेय मराठी शब्दाला अभूतपूर्व श्रोतृवर्ग मिळवून दिला. ‘शुक्रतारा’ने ख्याती मिळवलेले अरुण दाते, तसेच श्रीनिवास खळे, यशवंत देव आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या काळात भावगीत हा मराठी सुगम संगीताचा मुख्य प्रवाह झाला.

कवितासंग्रह आणि समीक्षा

१९५४ मध्ये ‘शीळ’ हा संग्रह आला तेव्हा मराठी कविता फार पुढे, किंवा निदान वेगळ्या दिशेला, गेली होती. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ चा. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ १९४७ मध्ये येऊन त्यावर अश्लीलतेचा खटलाही होऊन गेला होता. यंत्रयुग, युद्धोत्तर निराशा आणि तुटक प्रतिमा यांची चर्चा सुरू असताना रान, शीळ आणि राया यांची कविता मागच्या पिढीची वाटणे स्वाभाविक होते. संग्रह वेळेवर, म्हणजे तबकडी वाजत असतानाच, निघाला असता तर ना. घ. यांचे स्थान वेगळे ठरले असते काय, हा प्रश्न त्यांच्या वाचकाला पडल्यावाचून राहत नाही. वऱ्हाडातच वाढलेल्या अनिल (आत्माराम रावजी देशपांडे) या कवींचा ‘फुलवात’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते समीक्षेच्या कक्षेत लवकर आले. या उदाहरणाशी तुलना केली तर उशिराची किंमत कळते.

‘एका गाण्याचे कवी’ ही ओळख ना. घ. यांच्यावर अन्याय करते. ‘अभिसार’ आणि ‘खूणगाठी’मध्ये प्रणयभावनेला वय, विरह आणि स्मरण यांची जोड मिळते; शब्दकळा अधिक आवरलेली होते. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या वयाच्या ७७ व्या वर्षी आला आणि तोही गाजलेल्या गाण्याच्या संग्रहाला नव्हे, तर उत्तरायुष्यातील संग्रहाला मिळाला. तरीही सर्वसाधारण वाचकाला त्यांची ओळख करून देताना आजही तबकडीपासूनच सुरुवात करावी लागते.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नियतकालिकांच्या वर्तुळाबाहेर राहणाऱ्या आणि संग्रह काढण्याची घाई नसलेल्या या कवीची एक कविता गाण्यामुळेच दोन दशके जिवंत राहिली. केवळ छापील पानावर अवलंबून असती तर ती कितपत टिकली असती, हे सांगता येत नाही.

जोशी यांची पुढील कारकीर्द

जोशी यांनी भावगीतांच्या आणखी ध्वनिमुद्रिका केल्या. गंगूबाई हनगल ‘गांधारी’ या नावाने ध्वनिमुद्रिका देत असत, त्या काळात त्यांच्यासह जोशी यांनी मराठी द्वंद्वगीते गायिली. १९३८ मध्ये ते एच.एम.व्ही.च्या सेवेत रुजू झाले आणि हळूहळू गायकाची जागा ध्वनिमुद्रण अधिकाऱ्याने घेतली. हिंदुस्थानी संगीतातील अनेक थोर कलावंतांचे गायन-वादन त्यांच्या देखरेखीखाली तबकडीवर उतरले. त्या आठवणी त्यांनी मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या. त्यांचे इंग्रजी आत्मकथन ‘डाउन मेलडी लेन’ १९८४ चे आहे.

त्यांची निर्मिती असलेली १९६७ च्या सुमाराची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घ ध्वनिमुद्रिका ‘शीळ’च्या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी), ब्रिजभूषण काब्रा (गिटार) आणि माणिकराव पोपटकर (तबला) यांच्या वादनातून काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या क्रमाने उभा केलेला आहे. संतूर व गिटार या वाद्यांना रागसंगीतात अजून मान्यता मिळवायची होती आणि कथासूत्रात गुंफलेली रागमाला परंपरेला नवीन होती. जॉर्ज हॅरिसन यांच्यासारख्या पाश्चात्त्य संगीतकारांपर्यंत ती पोहोचली आणि भारतीय वाद्यसंगीताच्या सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. शब्द नसले तरी रान, एकटा प्रेमिक आणि दुरून येणारा सूर ही तिची सामग्री ‘शीळ’चीच आहे. हा संबंध जोशी यांच्या मनात होता असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या आहेत.

स्वामित्वहक्क

भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे मूळ ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका आता मुक्त आहे. कविता व चाल यांवरील हक्क मात्र निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. जोशी यांच्या चालीवरील हक्क २०५४ अखेर आणि देशपांडे यांच्या कवितेवरील हक्क २०६० अखेर संपेल. त्यामुळे कवितेचे शब्द या लेखात दिलेले नाहीत.